दुसरी भाकरी

जालमसिंग जमादारांच्या आठवणीचा चौथरा बांधून झाला, तेव्हा पंचायतीची माणसं आमच्याकडे आली. आश्विन वद्य दशमीला पहिली पूजा व्हायची होती आणि ती माझ्या हातून व्हावी असं सगळ्यांच्या मनात होतं. मी दारामागे उभी होते. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला न विचारताच होकार देऊन टाकला.

"तिना बिगर दुसरं कोन करी?" त्या म्हणाल्या. "जमादारनी शेवटला हात जोडात ते इलेच ना."

माणसं मान डोलावून गेली. मी आत जाऊन देवापुढे बसले, पण माळ हातात घ्यायचा धीर झाला नाही.

आमचं गाव तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं. जमादार गेले ते सत्तावन्न साली, नदीच्या खालच्या उतारावर, हातभट्टीची दारू नेणारी गाडी अडवताना. त्यांच्या मरणाची हकीकत आसपासच्या दहा गावांत सांगतात, आणि तिच्यात मीही आहे. जमादार चौकशीला आमच्या ओसरीवर आले. घरातली सून, जसोदाबाई, मौनानं जेवत होती. जमादारांनी हात जोडले, म्हणाले, "बाई, मौन मोडू नका," आणि तसेच उतारावर जाऊन मरणाला भेटले. आपल्या कामापेक्षा बाईचं व्रत त्यांनी मोठं मानलं, असं सांगतात. या हकीकतीत खोटं एक अक्षरही नाही. म्हणूनच मला ती ऐकवत नाही.

माझे नेम साधे आहेत. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, सूर्याला अर्घ्य, गाईला घास, मग चूल. चातुर्मासात दोन नेम जास्तीचे. एक मौनभोजन. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. बोललं तर ताट सोडून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. दुसरा नेम एकवाढीचा. काय लागेल ते एकदाच ताटात वाढून घ्यायचं, नंतर काही मागायचं नाही, की हात पुढे करायचा नाही. मौन पाळलेलं साऱ्या गावाला दिसतं. एकवाढी पाळली की मोडली, ते फक्त घरातल्या बाईला कळतं.

जालमसिंग गिरासे दोन वर्षांपासून आमच्याकडच्या चौकीवर जमादार होते. अंगानं मोठा माणूस, मिशा पिकायला लागलेल्या, एक गुडघा दुखरा. ओसरीची पायरी चढताना ते तो गुडघा हातानं उचलून ठेवल्यासारखा ठेवायचे. एकादशी पाळायचे. पण चौकीवर पंचांग नव्हतं, म्हणून दर पंधरवड्याला वाटेवर थांबून मला विचारायचे, "बाई, एकादशी आज का उद्या?" एकदा दोन एकादश्या लागून आल्या, स्मार्त आणि भागवत. मी त्यांना दोन्हींचा फरक समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "आम्हना शिपाई धुडकूले इचारं, तर तो म्हणे दोन्ही दिन साबुदाना खावाना म्हंजे चूक व्हवाव नही." आणि खूप हसले. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता तो असा, लहानसहान गोष्टींमधून बसलेला.

आता त्या दिवसाचं सांगते.

माझे धाकटे दीर रतिलाल तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे असतील. मोहाची दारू मोटारीच्या ट्यूबांमध्ये भरून डोंगराकडून यायची आणि नदीपलीकडे जायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रतिलाल त्यात आहेत हे मात्र मला त्या सकाळी कळलं. मी गाईला घास द्यायला गोठ्यात गेले, तर आमचीच गाडी जुंपलेली उभी. त्यात कडबा, कडब्याखाली काळ्या ट्यूबा, आणि पुढे फत्तेसिंग नावाचा माणूस पाय पोटाशी घेऊन बसलेला. तो आमच्या गावचा नव्हता. त्याच्या मांडीवर ठासणीची बंदूक होती आणि रतिलाल तिच्यावर कडबा पसरत होते.

मला पाहून ते थांबले. मग हलकेच म्हणाले, "भाभी, तुम्ही काहीच देखं नही. दुपारभर खालला उतारवर बाभळीमा थांबसूत, दिन कलना की पल्याड. दिवाई ना आधी हाई शेवटली खेप."

मी गाईच्या तोंडाशी घास धरला होता. गाईनं तो खाल्ला. मी हात धुतले आणि घरात आले. कोणाला काही सांगितलं नाही, आणि कोणी मला काही विचारलंही नाही.

दुपारी मी जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून दशमीला एकदाच जेवायचं. एक कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, उडदाची डाळ, भेंडीची भाजी आणि थोडी चटणी असं एकदाच वाढून घेतलं होतं. मी मधल्या घरात दारासमोर बसले होते. ओसरीवरून मी दिसत होते आणि मला ओसरी दिसत होती. भाकरी संपत आली असताना जमादार आले. बरोबर धुडकू शिपाई होता.

"धनुमाय, रतिलाल कोठे शे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"शहादाले गया. सरकी लेवाले."

"गाडी लई गया?"

"मंग काय खांदावर आनी सरकी?"

धुडकू फिसकन हसला. जमादारही हसले. "माय, तुन्ही जीभ म्हंजे इळा शे." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. दारात येऊन ते अदबीनं बाजूला उभे राहिले. "बाई, जेवनमा इचारी ऱ्हायनू, माफी करा. एवढंच सांगा. गाडी वरला उतारकडे गयी का खालला? अन् संगे कोन शे?"

"मौन शे तिनं," सासूबाई म्हणाल्या.

"अरे हां. चातुर्मास शे." जमादार ओसरीच्या कडेला बसले. दुखरा पाय लांब केला. "मंग थांबसूत. बाईनं जेवन व्हऊ दे." धुडकू काही बोलायला लागला, तसे ते त्याला हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "म्हातारी पोरगासाठे काहीबी सांगी. जसोदाबाई खोटं नही बोलाव."

माझ्या ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा होता. तो मी खाल्ला. डाळ निपटली. पाण्याचा तांब्या माझ्या उजव्या हाताशीच होता. हात धुतला की मौन सुटणार होतं, आणि मौन सुटलं की माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसलेल्या माणसाला मला उत्तर द्यावं लागणार होतं. मी खोटं बोलू शकत नव्हते. खरं बोलले असते, तर रतिलाल धरले गेले असते.

मी डावा हात पुढे केला आणि दुरडीतून दुसरी भाकरी घेतली.

सासूबाईंनी ते पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून बारा चातुर्मास मी त्यांच्या डोळ्यांसमोर एकवाढी पाळली होती. त्या उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि काही न बोलता माझ्या ताटात डाळ वाढली. आमची नजरानजर झाली. त्यांच्या नजरेत मला बरं वाटेल असं काहीतरी होतं, आणि मला बरं वाटलं. तेव्हा बरं वाटलं होतं हे मी लिहिलंच पाहिजे.

मी ती भाकरी खाल्ली. चिमणीला टाकतात तसे बारीक तुकडे करून, एकेक तुकडा कितीतरी वेळ चावत. भूक नव्हती.  जमादारांनी सासूबाईंकडून पाणी मागून घेतलं. धुडकूबरोबर कुठल्याशा बदलीबद्दल बोलले. मधून मधून माझ्याकडे बघायचे. घाई असल्यासारखे नव्हे, देवळात आरती संपायची वाट बघावी तसे. अर्धी भाकरी उरली होती तेव्हा धुडकू म्हणाला, "साहेब, दिन चालना."

जमादार उठले. "ऱ्हाऊ द्या बाई. मौन मोडू नका." त्यांनी हात जोडले. "खालला उतारवर एक चक्कर टाकस. येताना इचारी जासू." दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. "उद्या एकादशीच ना? मान हालाई तरी चाली."

मी मान हलवली. हो, उद्या एकादशी.

मान हलवता येत होती. हातानं खुणा करता येत होत्या. बोटानं जमिनीवर बंदूक काढता आली असती. आणि काहीच नाही, तर ताटावरून उठून एक शब्द बोलता आला असता. त्या दिवशी उपास घडला असता, इतकंच. बंदूक आहे एवढं कळलं असतं, तर जमादार एकट्या शिपायाला घेऊन गेले नसते, शहाद्याहून माणसं मागवली असती. कदाचित रतिलाल पळून गेले असते. कदाचित धरले गेले असते. कोणी मेलं मात्र नसतं. हे सगळं मला तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही.

ते गेल्यावर मी हात धुतला. भांडी घासत असताना नदीकडून आवाज आला. बाजरीवरची पाखरं कोणीतरी उडवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारची शांतीबाई धावत आली, तेव्हाही मी तेच ताट घासत होते.

फत्तेसिंगला पुढे आठवडाभरात अक्कलकुव्याच्या पुढे पळताना खापर गावच्या बाजारात धरलं. त्याला जन्मठेप झाली. त्याच्याबरोबर आणखी कोण होतं, हे त्यानं सांगितलं नाही, का कोण जाणे. गोळी सुटली तेव्हा रतिलाल बैल सोडायला मागच्या बाजूला होते, ते धुडकूला दिसायच्या आत उसातून पळाले, आणि सासूबाईंनी ते शहाद्याला होते हेच शेवटपर्यंत सांगितलं. गाडी नदीत लोटली होती, ती आमची आहे असं कोणी म्हणालं नाही. फौजदार माझ्याकडे जबाब घ्यायला आले. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून सांगितलं, "मी जेवत होते. माझं मौन होतं." त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही. उलट उठताना तेही नमस्कार करून गेले.

एकदा, पुष्कळ दिवसांनी, सासूबाई मला म्हणाल्या, "काब्र अशी सुकी चालनी? खोटं तर मी बोलनू. तू काहीच बोलनी नही, तुले कसानं पाप?" त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण मला वाटलं, त्यांचं खोटं निदान त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी आपल्यापुढे देवाला उभं केलं नव्हतं.

हकीकत पसरवली ती धुडकूनं. आधी कोर्टात सांगितली, मग चौकीवर, मग बाजारात. तो भला माणूस. त्याचे साहेब गेले आणि त्यांच्या शेवटच्या गोष्टींपैकी ही एक त्याच्याजवळ राहिली होती. त्याला चातुर्मासातलं मौन माहीत होतं, एकवाढी माहीत नव्हती. मी दुसरी भाकरी घेतलेली त्यानं पाहिली असणार. पण भुकेली बाई दुसरी भाकरी घेते, त्यात सांगण्यासारखं काय? लोकांनी त्या हकीकतीला आपल्याकडचं जोडलं. दोन-तीन वर्षांनी बाजूच्या गावांतल्या बाया माझ्याकडे यायला लागल्या. आषाढी एकादशीला माझ्या पाया पडून मौनाचा नेम घ्यायच्या. मी पाय मागे घेतले की म्हणायच्या, "बघा, कशी लीन शे!" मी नको म्हणायची, तर ते नको म्हणणंही माझ्या पुण्याईत जमा व्हायचं.

मी मीठ सोडलं. पायांत वहाण घालायचं सोडलं. देवाला ते पोचलं असेल किंवा नसेल. ज्या बाईचा नवरा गेला होता, तिला मात्र मी काहीच विचारलं नव्हतं.

आणि आता चौथऱ्याच्या पूजेला ती बाई येणार होती. कौसाबाई. धुडकू तिला दोंडाईच्याकडून घेऊन येणार होता. ती आमच्याच घरी जेवणार, मग आम्ही दोघी मिळून चौथऱ्यावर जाणार, असं ठरलं होतं.

दशमीच्या सकाळी रतिलाल चुलीपाशी आले. आता ते पंचायतीत होते. केस विरळ झाले होते. थोरल्या मुलीची सोयरीक होऊ घातली होती. चौथऱ्याचे दगड त्यांनीच पुढाकार घेऊन आणवले होते. लोकांना वाटायचं हौशी माणूस आहे. मला वाटायचं, त्यांनाही झोप नसेल. त्याबद्दल आमच्यात आठ वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

"भाभी," ते म्हणाले, "जमादारनी बाई येई ऱ्हायनी. आजना दिन निभाई ल्या. गप ऱ्हावाना सराव तर तुम्हले शेच."

ते टोचून बोलले की विनवत होते, ते मला समजलं नाही. मी पीठ मळत राहिले.

कौसाबाई दुपारी बाराच्या एस.टी.नं आली. मी मनात एक वाळलेली, खाली मान घातलेली बाई धरून बसले होते. ही तर उंच, हाडापेरानं मोठी, आणि ओसरीची पायरी चढायच्या आधीच बोलायला लागलेली.

"हाई का ती ओसरी? आन् तुम्हीच का जसोदाबाई? अहो, तुम्हनं नाव मी किती येळा ऐकं! एकादशी कव्हय, तर जसोदाबाईले इचारस. स्मार्त कोनती, तर जसोदाबाईले इचारस. मी म्हनू, आते आम्हना घरमा मीठ किती टाकानं तेबी तिलेच इचारी या." ती हसली, आणि माझे दोन्ही हात तिच्या हातांत घेतले. तिचे हात खरबरीत होते. दोंडाईच्याला मुलांच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. पहाटे जायची ती दिवेलागणीला घरी यायची.

सासूबाई आत निघून गेल्या. धुडकू ओसरीच्या टोकाला बसला, अगदी त्याच जागी. तोही म्हातारा दिसायला लागला होता.

मी ताटं घेतली. कौसाबाई माझ्याशेजारी चुलीपाशी येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुम्हले एक इचारू? ते गयात, तवयपासून मीबी मौन धरेल शे. फक्त चातुर्मासमा नही, बारा महिना. जेवताना बोलस नही. धुडकूभाऊनी सांगं, त्यासनी शेवटलं मौनले हात जोडात. मंग मी म्हनी, त्यासनं जे मानं, ते आपीन पाळानं." मग जरा ओशाळून हसली. "पन माले बोलानं याड शे. आठ वरीस व्हयनात, अजूनबी जीभ चावाई जास. पोरे शाळामातून येतस, दिनभरनं सांगानं ऱ्हास त्यास्ले. माय घर येस ती जेवानाच टाइमले, अन् तवयच मुकी. धाकला तर पहिले रडे. म्हने, माय मन्हावर रागावनी. तुम्हले कसं जमस? तुम्ही शिकाडा माले."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.

मला वाटत होतं, मी एका माणसाचा जीव घेतला. तेवढंच ओझं मी धरून बसले होते. ही बाई आठ वर्षं रोज माझ्या नावानं आपल्या लेकरांशी मुकी राहत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

"ते आठे बठनात ना?" ती विचारत होती. "पानी पिनात का? थकेल व्हतात का? कितला येळ बठनात?"

"कितला येळ?" मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मी दुसरी भाकरी खाऊ, तितला येळ."

तिला ते समजलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. जेवायला बसायच्या आधी, चुलीपाशी, ताटं वाढलेली असताना. सकाळची गाडी, कडबा, बंदूक. रतिलालांचं नाव. शेवटचा तुकडा, उजव्या हाताशी असलेला तांब्या. एकवाढी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण त्यावाचून तिला काहीच कळलं नसतं. एकादशी विचारली तेव्हा मी मान हलवली, तेही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. ताटातल्या भाकरीकडे बघत बोलले.

 दारात सासूबाई येऊन उभ्या होत्या.

"बंदूक देखेल व्हती तुम्ही?" कौसाबाईनं विचारलं.

"हां."

"अन् त्यासनं तोंड देखेल व्हतं. आठे बठेल असताना."

"हां."

"तरी खाई ऱ्हायन्यात."

"हां."

ती उठली. मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आपलं ताट पायानं नाही, हातानंच बाजूला सरकवलं, नीट, अन्नाला धक्का न लावता. स्वयंपाकाची बाई ती.

"मन्हा धाकला आते अकरा वरीसना शे," ती म्हणाली. "तो आते जेवताना माले काहीच सांगत नही. सवय मोडी गयी त्यानी."

एवढंच. मग पदर खोचून ती ओसरीवर गेली आणि तिथून वळून म्हणाली, "तठे लोके बठेल शेतस. तठे बी सांगशात का? का माले एकलीलेच सांगं, म्हंजे मी गप बठी जासू?"

मला एक क्षण वाटून गेलं होतं, की तिला सांगितलं म्हणजे झालं, मी सुटले. ते तिनं ओळखलं. त्याची लाज आठ वर्षांच्या लाजेपेक्षा जास्त होती.

मी पूजेचं ताम्हण घेतलं नाही. तशीच तिच्या मागून निघाले. सासूबाई मागून म्हणत होत्या, "जसोदे, पोरीनी सोयरीक शे... जसोदे, ऐक..." त्या मला नावानं कधी हाक मारत नसत.

चौथरा खालच्या उताराच्या वर, बाभळींच्या अलीकडे होता. नवा दगड, त्याच्यावर नाव कोरलेलं. पन्नासेक माणसं असतील. बाया एका बाजूला बसल्या होत्या, मला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. माझे यजमान चुडामण पुढे बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ते तेव्हा केळी घेऊन परगावी गेले होते. रतिलाल हातात हार घेऊन उभे होते. माझे रिकामे हात त्यांना दिसले, मागे कौसाबाईचा चेहरा दिसला, आणि त्यांचा हार हळूहळू खाली आला.

मी बोलायला सुरुवात केली. पहिली दोन-तीन वाक्यं कोणालाच ऐकू गेली नसावीत. मागून एक म्हातारा ओरडला, "माय, मोठाल्यानं बोल! आरती शे का काय?" लोक हसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. माझ्या आवाजाची मला लाज वाटत होती, आणि जे सांगत होते त्याचीही. दुसऱ्या भाकरीपाशी आले तेव्हा बाया खाली बसल्या. पुरुषांना तिथपर्यंत काही कळलं नव्हतं. मग बंदुकीपाशी आले, आणि रतिलालांच्या नावापाशी.

रतिलाल पळाले नाहीत. त्यांनी हार चौथऱ्यावर ठेवला आणि तिथंच पायरीवर बसले. धुडकू शिपाई उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. त्यानं त्यांना धरलं नाही. नुसता उभा राहिला, आणि त्याचा चेहरा मला बघवला नाही. इतकी वर्षं तो जी हकीकत जपून होता, ती मी त्याच्या हातातून काढून घेतली होती.

पूजा गावच्या गुरवानं केली. माझ्याशी कोणी बोललं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. माझ्याकडे मौनाचा नेम घेतलेल्या बाया माझ्या बाजूनं न जाता लांबून वळसा घालून गेल्या. संध्याकाळच्या आत फौजदार आले आणि रतिलाल त्यांच्याबरोबर शहाद्याला गेले. यजमान घरी न येता मळ्यातल्या झोपडीकडे निघाले. जाताना मला एवढंच म्हणाले, "माले तरी सांगानं व्हतं."

चारच्या एस.टी.नं कौसाबाई परत निघाली होती. ती माझ्या घरी जेवली नव्हती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या, थांब्यापर्यंत गेले, आणि वडाच्या अलीकडेच पाय थबकले. कोणत्या तोंडानं देणार होते?

थांब्याजवळ भजीवाल्याची गाडी होती. कौसाबाईनं कागदात मूगभजी घेतली होती आणि ती उभ्या उभ्याच खात होती. आणि खाताना बोलत होती. धुडकूशी, तोंडात घास असताना, हात हलवून, मध्येच डोळे पुसून, पुन्हा भजी मोडून तोंडात टाकून. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. माझ्याबद्दल असेल, जमादारांबद्दल असेल, पोरांबद्दल असेल. धुडकू नुसता मान हलवत होता. गाडी आली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं. पायरीवर चढतानाही ती खात होती आणि बोलत होती.

मी गाडी जाईपर्यंत वडाआड उभी राहिले. मग फडकं सोडून भाकऱ्या गाईंना घातल्या आणि घरी आले.